झाड मेलं? टाकू नका, आधी कुंडी उपडी करा (कोल्हापूरच्या हवेत फुलझाडांचं कुठं चुकतंय ते शोधायची पद्धत)

झाड वाळलं की आपल्याकडं काय होतंय बघा. खोड धरून उपटायचं, सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकायचं आणि पुढच्या रविवारी नर्सरीत जाऊन तेच झाड परत आणायचं. त्याच कुंडीत, त्याच मातीत, गॅलरीच्या त्याच कोपऱ्यात ते लावायचं आणि दोन महिन्यात ते पण गेलं की "आमच्या हाताला गुलाब लागत नाही" म्हणून मोकळं व्हायचं. हाताचा काय संबंध नसतोय हो. पहिलं झाड कशानं गेलं ते कुणी बघितलेलंच नसतंय, म्हणून दुसरं पण त्याच वाटेनं जातंय. मेलेलं झाड म्हणजे फुकटचा रिपोर्ट आहे, तो वाचून मगच टाकायचा, एवढंच या सगळ्या लेखात आहे, बाकी सगळं तो वाचायचा कसा त्याबद्दल.

अजून एक आधीच सांगतो. मोबाईलवर बागकामाचे जे व्हिडिओ आपण बघतो त्यातले निम्मे दिल्ली-लखनौकडचे असतात. तिकडं कडाक्याची थंडी आणि उन्हाळ्यात कोरडी हवा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात जुलैमध्ये तर ऊन दिसायची मारामार, मग ऑक्टोबर हीट, सुखाची थंडी आणि मार्चपासून परत भाजायला सुरुवात, मधेच वळीव. त्यामुळं "रोज सकाळी पाणी घाला" असलं वाक्य तिकडं बरोबर असेल, इथं आषाढात तेच झाड मारतंय. आपल्याकडं झाडं जायचे सीझन ठरलेले आहेत: जुलै-ऑगस्टला कुजून, ऑक्टोबरला एकदम ऊन लागून आणि एप्रिल-मेमध्ये वाळून. महिना कुठला हे बघितलं तरी निम्मं निदान तिथंच होतंय.

पायरी १: पाणी घालू नका, आधी बघा

झाड मान टाकतंय दिसलं की पहिला हात मगाकडं जातोय. तो थांबवा. जास्त पाण्यानं पण झाड मान टाकतं आणि कमी पाण्यानं पण, लांबून दोन्ही सेम दिसतात. कारण मुळं कुजली की त्यांना पाणी ओढताच येत नाही, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरत असतं आणि आपण वरून अजून एक मग ओततो.

बोट दोन पेरं मातीत घाला. वरचा थर कोरडा आणि आत ओल असं खूप वेळा असतंय, त्यामुळं वरून बघून ठरवू नका. मग मोबाईलमध्ये एक फोटो काढा आणि एवढं बघून ठेवा: आधी कुठली पानं बिघडली, खालची जुनी की शेंड्याची नवी, सगळं झाड एकदम गेलं की एकच फांदी, आणि गेल्या पंधरा दिवसात काय बदललं, म्हणजे कुंडी हलवली का, खत दिलं का, घर रंगवताना गॅलरीत काय सांडलं का, शेजारच्यांनी पत्रा मारून ऊन अडवलं का. हा शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात आणि उत्तर बऱ्याचदा त्यातच असतंय.

पानांची ढोबळ भाषा अशी आहे. खालची जुनी पानं सावकाश पिवळी होऊन गळत असतील आणि नवी बरी असतील तर बहुतेक नत्र कमी पडतंय, नाहीतर नुसतं वय झालंय. उलट नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोह मिळत नसल्याचं लक्षण. अनंताला हे हमखास होतं, खासकरून बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांच्याकडं, कारण अनंताला आंबटसर माती लागते आणि क्षाराच्या पाण्यानं ती उलटी होत जाते. अशा वेळी शेणखत कितीबी घाला, उपयोग नाही. पावसाचं पाणी साठवून ते घाला, जमलं तर चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) आणून पाकिटावरच्या प्रमाणात द्या. पानांच्या कडा करपल्या असतील तर खताचा डोस जास्त झालाय, नाहीतर कुंडी मधेमधे पूर्ण वाळतीय.

पायरी २: कुंडी उपडी करा

हे काम लोक करत नाहीत आणि सगळी माहिती इथंच असते, म्हणून इथं जरा वेळ घालवा.

जुना पेपर किंवा पोतं अंथरा. कुंडी आडवी करून कडेनं थापट्या मारा, खोड दोन बोटांच्या मधे धरून सगळा गड्डा एकत्र बाहेर काढा. ओढून उपटू नका, नाहीतर मुळं तुटून आत राहतात आणि बघायचं तेच हुकतं. पहिलं काम म्हणजे वास घ्या. चांगल्या मातीला पहिल्या वळवाचा वास येतो. गटारीसारखा, आंबूस वास आला की पाणी तुंबत होतं, हे जवळजवळ नक्की.

मग एक मूळ हातात घ्या. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट बदामी असतं, घट्ट असतं, वाकवलं तर लवचिक लागतं. कुजलेलं मूळ काळपट-तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून हातात येते आणि आत नुसता दोऱ्यासारखा तंतू राहतो. एकदा बोटांना हे कळलं की परत विसरत नाही. वाळून मेलेल्या झाडाची मुळं वेगळी, ती कडकडीत असतात, मोडली की कट् आवाज येतो.

आता गड्ड्याचा आकार बघा. नर्सरीतनं आणलेल्या झाडाला बऱ्याचदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो, तो आपण तसाच कुंडीत बसवतो. महिन्याभरानं काढून बघा, आजूबाजूची माती ओली आणि गोळा आतनं ठणठणीत कोरडा. पाणी त्याच्या कडेनं वाहून खालच्या भोकातनं निघून जातंय, मुळापर्यंत पोचतच नाही, आणि आपण म्हणतोय रोज पाणी घालतोय की. नवीन झाड लावताना तो गोळा बादलीत तासभर भिजवा, कडेची माती बोटांनी हलकी मोकळी करा आणि मग लावा. लावायचं संध्याकाळी, आणि पुढचे सात-आठ दिवस सावलीत.

मुळं गोल गोल फिरून कुंडीचाच आकार घेतलेली असतील तर कुंडी लहान पडलीय. मुळं कुठं दिसतच नाहीत, कुरतडल्यासारखी आहेत आणि झाड अलगद हातात आलं, तर मातीत हुमणी शोधा. ऊसवाल्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो: पांढरी, जाड, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी, डोकं तपकिरी. ती घरात येते कशातनं? न कुजलेल्या शेणखतातनं. गावाकडनं पोतंभर शेणखत आणलं, वास येत होता, गरम लागत होतं, तरी घातलं, की झालं. त्यात एक गंमत आहे, खतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरसर चालायला लागली तर ती बहुतेक कुजका पालापाचोळा खाणारी, खताच्या खड्ड्यात सोडून द्या, तिथं ती कामाची आहे. पायावर सरपटायचा प्रयत्न करणारी किंवा तशीच वळून पडून राहणारी असली तर ती संशयित. हुमणी निघालेल्या कुंडीची माती पसरून उन्हात घाला, अळ्या वेचा (साळुंक्या आल्या तर त्याच वेचतात), आणि परत भरताना शेतीच्या दुकानात मिळणारी मेटारायझियम नावाची, हुमणीला मारणारी बुरशी खतात मिसळा. पहिल्या वळवानंतर मे-जूनला हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडून कडुलिंब, बाभळीवर बसतात आणि मग मातीत अंडी घालतात, तेव्हा त्या दिवसात उघडं शेणखत टेरेसवर ठेवू नका.

पायरी ३: माती आणि निचरा

नदीकडची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र ती त्रासाची. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. पन्हाळा-गगनबावड्याच्या बाजूची तांबडी माती कुंडीला बरी पडते, पण नुसती ती पण घट्ट बसते. मी सांगतो ते मिश्रण: दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक घमेलं भाताचं तूस किंवा कोकोपीट. तूस आपल्याकडं भाताच्या गिरणीवर स्वस्तात मिळतं, कोकोपीटला पैसे घालवायची गरज नाही. काळीच माती हाताशी असेल तर तूस आणि जाड वाळू वाढवा.

तळाला खडी, विटांचे तुकडे यांचा थर घालायची पद्धत सगळीकडं आहे. माझं स्पष्ट मत, घालू नका. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वर असलेल्या मातीतच अडकून बसतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या अजून जवळ येतो. भोकावर एक खापरी पालथी घाला, बास. त्यापेक्षा कुंडीखाली दोन-तीन विटांचे तुकडे ठेवून ती फरशीपासून उचला, कारण भोक चांगलं असून फरशीला चिकटून बंद झालेल्या कुंड्या पावसाळ्यात ढिगानं सापडतात. आणि खालच्या ताटल्या जूनमध्ये काढून ठेवा, तुंबलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

एवढ्याशा रोपाला एकदम मोठी कुंडी ही पण चूकच. मुळं इवलीशी, माती भरपूर, ती ओल शोषणार कोण? आठ इंचातनं दहाला जा, दहातनं बाराला.

नदीकाठच्या भागातल्यांसाठी एक वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या अंगणात पाणी होतं त्यांना माहीतच आहे, पाणी ओसरलं की कुंडीवर आणि वाफ्यात गाळाचा गुळगुळीत थर बसतो. तो वाळायच्या आत खरवडून काढा, नाहीतर मुळांना हवाच मिळत नाही. अशा झाडाला लगेच खत देऊ नका, मेलेल्या फांद्या तेवढ्या कापा आणि नवा फुटवा यायची वाट बघा. आणि त्या पाण्यात गटारीचं पण पाणी असतंय, हातमोजे घाला.

पायरी ४: ऊन मोजा, अंदाज करू नका

"आमच्याकडं भरपूर ऊन येतंय" असं सगळेच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी कुंडीजवळ तासातासाला जाऊन बघा, थेट ऊन किती तास पडलं ते लिहा. मोगरा, गुलाब, जास्वंद, झेंडू यांना पाच-सहा तास तरी पाहिजेत. तीन तासात मोगरा जगतो, पानं पण छान तजेलदार येतात, फुलं मात्र येत नाहीत, आणि मग आपण त्याला खत घालत बसतो. कमी उन्हाच्या गॅलरीत अबोली बरी चालते. उत्तरेच्या गॅलरीत गुलाबाचा हट्ट करणाऱ्याला काय सांगायचं, ते सांगून ऐकत नाहीत.

उन्हाचंच उलटं प्रकरण म्हणजे शेवंती. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या शेवंतीला पाना-फांद्यांचा नुसता डोंगर, नोव्हेंबर संपत आला तरी कळीचं नाव नाही, आणि तिचंच रोप नेलेल्या त्यांच्या जाऊबाईंच्याकडं परडी भरून फुलं. खत तेच, पाणी तेच. शेवटी लक्षात आलं की काकूंच्या कंपाउंडला लागून म्युन्सिपाल्टीचा एलईडी दिवा आहे, रात्रभर कुंडीवर उजेड. झाडाला रात्र झालीच नाही. कुंडी मागच्या बाजूला अंधारात नेली, मग कळ्या आल्या. पॉइनसेटियाचं पण असंच असतंय.

ऑक्टोबरची एक गोष्ट लक्षात ठेवा, चार महिने ढगाखाली राहिलेलं झाड एकदम कडक उन्हात ठेवलं की पानं भाजतात. आठवडाभर सकाळच्या उन्हात ठेवून मग पुढं न्या.

पायरी ५: खताचा हात आखडता ठेवा

उपाशी मेलेली झाडं कमी, खाऊन मेलेली जास्त. मेलेल्या कुंडीच्या काठाला, मातीवर पांढरी खरवड दिसते का बघा, ते क्षार आहेत. युरिया, डीएपी असली रासायनिक खतं चमच्यानं घालणारे लोक आहेत, कुंडीत त्याची गरजच नाही. द्यायचंच असेल तर १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं मिश्र खत) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसातनं एकदा, ते पण माती ओली असताना. जास्त झालं असं वाटलं तर कुंडीच्या दोन-तीन पट पाणी सावकाश ओतून खालनं वाहून जाऊ द्या, आणि महिनाभर काही देऊ नका.

घरचं करायचं तर आपल्याकडं गूळ काय कमी नाही, जीवामृत करा: १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी दहापट पाणी घालून वापरायचं आणि आठवड्यात संपवायचं. गूळ जास्त टाकला की जास्त भारी होतं असं काही नाही, मुंग्या येतात फक्त. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकला तरी तेच, धुऊन वाळवून टाका. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) कुणी फुकट दिली तर लगेच कुंडीत घालू नका, ती आधी चांगली कुजवावी लागते, ताजी असताना ती गरम होते. उसाचं पाचट मात्र उन्हाळ्यात मातीवर अंथरायला एक नंबर, फक्त खोडाला टेकवू नका आणि पावसाळ्यात काढून टाका, त्याच्याखाली गोगलगायी मुक्काम करतात. त्या रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या, दुसरा सोपा उपाय नाही.

पायरी ६: कीड खरी की निमित्त?

मेलेल्या झाडावर कीड दिसली म्हणजे ती कीडीनंच मेलं असं नसतं, अशक्त झाडावर ती नंतर पण येते. म्हणून कीड मी मुद्दाम मुळं, माती, उन्हाच्या नंतर ठेवलीय. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर खोडावरनं मुंग्यांची रांग जातीय का बघा. त्याचा गोड चिकटा त्यांना पाहिजे असतो, म्हणून त्या त्याला सांभाळतात, इकडनं तिकडं नेतात. मुंग्या तशाच ठेवून फवारत बसलात तर आठवड्यात परत येतोय. जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार भरलेली फांदी कापून पिशवीत बांधून टाका, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा लिक्विड सोप हलवून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. दुपारच्या उन्हात तेल मारलं की पानं करपतात आणि नाव किडीचं होतं.

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन न उमलता गळत असतील आणि बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे, त्या कळ्या तोडून नष्ट करा, खाली पाडू नका. एप्रिलमध्ये झेंडूच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आणि जाळी आली की लाल कोळी, पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा दिला तरी बराच आटोक्यात येतो. थंडीत गुलाबावर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण निंबोळी तेल मारलेलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या.

पायरी ७: कात्री कधी चालवली?

गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, त्यानंतर साधारण दीड महिन्यात फुलं. भर पावसात छाटलं की कापलेल्या टोकाकडनं फांदी काळी पडत खाली येते. तसं झालं तर काळ्याच्या खाली, हिरवा भाग दिसेपर्यंत कापा आणि बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचं, लोखंडाचं भांडं नको.

"गुलाब जोरात वाढतोय पण फूलच नाही" म्हणणाऱ्यांनी खाली वाकून कलमाची गाठ शोधा. गाठीच्या खालनं आलेला फुटवा हा खुंटाचा, जंगली गुलाबाचा. त्याची पानं-काटे वेगळे दिसतात. तो वाढत जातो आणि वरचा चांगला गुलाब उपाशी मरतो. नुसता वरनं कापला की परत फुटतो, माती बाजूला करून जिथनं निघालाय तिथनंच काढा. म्हणूनच लावताना गाठ मातीच्या वर ठेवायची.

मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून छाटा, फूल नव्या फुटव्यावरच येतं. छाटायला जीव होत नाही लोकांचा, आणि मग उन्हाळ्यात गजरा विकत आणतात. शेवंतीचे शेंडे जुलै-ऑगस्टमध्ये खुडा, सप्टेंबरनंतर खुडले तर कळ्याच तोडल्या समजा. आणि दसऱ्याचा झेंडू गणपतीत पेरून कसा यायचा? बियापासून फुलापर्यंत अडीच महिने धरा आणि दसऱ्यापासून मागं मोजा. तोरणातल्या सुकलेल्या फुलाचं बी उगवतं, पण ते संकरित जातीचं असलं तर फूल तसंच येईल याचा भरवसा नाही, म्हणून चार रोपं जास्तीची लावा.

पायरी ८: एका वेळी एकच बदल

इथवर आलात की कारण सापडलेलं असतंय, आणि नेमकं इथं घोळ होतो. माती बदलली, जागा बदलली, नवीन खत, वरनं औषध, सगळं एकाच रविवारी. झाड सुधारलं तर कशानं ते कळत नाही, मेलं तरी कळत नाही. शक्य असेल तिथं जोडी ठेवा. जास्वंदीच्या एकाच फांदीच्या दोन काड्या लावा, एक जुन्या पद्धतीनं, दुसरीत फक्त एक गोष्ट वेगळी, उदाहरणार्थ तुसाची माती. एका पावसाळ्यात फरक डोळ्यासमोर येतो. फुकटच्या काड्या आहेत, हिशोब करायचं कारण नाही.

लिहून ठेवा, पण बागेची डायरी वगैरे सजवत बसू नका, ती दोन आठवड्यात बंद पडते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा: "गुलाब छाटला", "मोगरा पहिली कळी", "जास्वंद गेली, मुळं काळी". वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत घालू नका, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात जुनं पान काढून बघा.

मेलेल्या झाडाच्या मातीचं काय करायचं, तर मुळं कुजलेली असतील तर ती माती एप्रिल-मेच्या उन्हात पातळ पसरून, वरनं पारदर्शक प्लास्टिक टाकून तीन-चार आठवडे तापवा, मग नवीन शेणखत आणि थोडं ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी) मिसळून परत वापरा, आणि पहिल्या वेळी त्यात गुलाब लावायच्या ऐवजी झेंडू किंवा सदाफुली लावून बघा. कुंडी पण घासून उन्हात टाका. झाड नुसतंच वाळून गेलेलं असेल तर एवढं काही करायची गरज नाही, माती मोकळी करून, खत घालून त्याच दिवशी दुसरं लावलं तरी चालतंय.